एक ओळ वाढवली की करंटचे आकडे बदलतात: पीडब्ल्यूएम, एडीसी आणि टायमर यांची सांगड कशी घालावी?

प्रश्न: गरगरते_चाक

नमस्कार. एका डीसी मोटरचा वेग आणि करंट नियंत्रित करणारा बोर्ड मी तयार करीत आहे आणि गेले तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकून पडलो आहे. मायक्रोकंट्रोलर एसटीएम३२एफ४०७ असून तो १६८ मेगाहर्ट्झवर चालतो. मोटरला एच-ब्रिज, म्हणजे मॉस्फेट स्विचांच्या दोन जोड्यांचे (लेग) सर्किट, आहे. त्याच्या एका लेगला टायमर १ कडून २० किलोहर्ट्झचा सेंटर-अलाइन्ड पीडब्ल्यूएम (ठरावीक आवर्तनाचे चालू-बंद पल्स) मिळतो आणि दुसऱ्या लेगचा खालचा मॉस्फेट कायम चालू ठेवलेला असतो. दोन्ही लेगच्या खाली एकच सामाईक शंट (करंट मोजण्याचा लहान रोध) आहे, त्यावरील व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायरमधून एडीसीकडे (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाकडे) जाते.

प्रोग्रामची रचना साधी आहे. सिसटिक (प्रोसेसरमधला साधा टायमर) दर १ मिलिसेकंदाला एक फ्लॅग लावतो. मुख्य लूपला तो फ्लॅग दिसला की मी एडीसी सुरू करतो, रूपांतर पूर्ण होईपर्यंत थांबतो, पीआय कंट्रोलरचे (चूक आणि चुकांची बेरीज पाहून दुरुस्ती ठरवण्याचे) गणित करतो आणि नवी ड्यूटी (आवर्तनातील चालू काळाचे प्रमाण) टायमरच्या रजिस्टरमध्ये लिहितो. दर १०० मिलिसेकंदांनी वेग, करंट आणि ड्यूटी यांची सुमारे ४० अक्षरांची एक ओळ प्रिंटएफने सीरियल पोर्टवर पाठवतो. बॉडरेट १,१५,२०० आहे. एन्कोडर (मोटरचे फिरणे मोजणारा सेन्सर) १००० लाइनचा असून त्याच्या दोन्ही चॅनेलच्या प्रत्येक कडेवर इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारा इशारा) घेऊन मोजणी करतो.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की मल्टिमीटर स्थिर ३.२ अँपिअर दाखवत असताना माझे वाचन कधी बरोबर येते, कधी जवळजवळ शून्य येते. याहून चमत्कारिक म्हणजे एडीसी सुरू करण्याच्या आधी कोडमध्ये एखादी निरुपद्रवी ओळ वाढवली किंवा कंपायलरचे ऑप्टिमायझेशन बदलले, की सरासरी आकडाच बदलतो. दुसरी अडचण म्हणजे मोटर सेकंदाला साधारण दहा वेळा हलकासा आचका देते. तिसरी, ३००० आरपीएमच्या आसपास एन्कोडरची मोजणी चुकू लागते आणि त्याच सुमारास बाकीचा प्रोग्रामही मंदावतो.

फिल्टर लावून पाहिला, ६४ वाचनांची सरासरी काढून पाहिली, शंटजवळ कपॅसिटर वाढवला. आकडे गुळगुळीत झाले, पण चुकीचेच राहिले. आरटीओएस (कामांच्या वेळा सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) वापरल्यास हे सुटेल का, की माझ्या हार्डवेअरमध्येच दोष आहे?

---

उत्तर १: वेळेचा_पक्का

आपले हार्डवेअर ठीक दिसते आणि आरटीओएस आणल्याने यातील एकही अडचण सुटणार नाही. आपण "एक ओळ वाढवली की आकडा बदलतो" हे निरीक्षण नोंदवले, तेच निदानाला पुरेसे आहे.

शंटमधून करंट केव्हा जातो ते पाहा. वरचा मॉस्फेट चालू असताना करंट सप्लायमधून निघतो, मोटरमधून जातो आणि शंटमार्गे ग्राउंडला परततो. तो बंद होताच मोटरचा करंट खालच्या दोन मॉस्फेटमधून वर्तुळाकार फिरू लागतो, आणि हे वर्तुळ शंटच्या वरच पूर्ण होते. म्हणजे मोटरमध्ये ३.२ अँपिअर वाहत असूनही शंटवर शून्य दिसते, आणि ते शून्य खरे असते. आपण पीडब्ल्यूएमच्या ५० मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात नेमक्या कोणत्या क्षणी सॅम्पल घेता, त्यावर सगळे अवलंबून आहे.

तो क्षण सध्या कोण ठरवते? सिसटिक आणि टायमर १ हे दोघेही एकाच क्रिस्टलवर चालतात आणि १ मिलिसेकंदात पीडब्ल्यूएमची बरोबर २० आवर्तने बसतात. त्यामुळे दोघांमधील अंतर सरकत नाही, ते कुलूप लावल्यासारखे एका जागी राहते. सिसटिकपासून एडीसी सुरू होईपर्यंत प्रोसेसरने जितक्या सूचना पार पाडल्या, तितक्या अंतरावर सॅम्पल पडते. आपण ओळ वाढवली की सॅम्पल काही शतांश मायक्रोसेकंद पुढे सरकते, ऑप्टिमायझेशन बदलले की मागे येते. मध्येच एखादा एन्कोडरचा इंटरप्ट आला तर ते एखाद्या स्विचिंग कडेच्या पलीकडे जाऊन पडते. सरासरी काढल्याने हे सुधारत नाही, कारण चुकीच्या जागी घेतलेल्या ६४ सॅम्पलची सरासरी ही त्या चुकीच्या जागेचीच सरासरी असते.

उपाय असा की एडीसी सुरू करण्याचे काम प्रोसेसरकडून काढून घ्यावे आणि टायमरकडे द्यावे. सेंटर-अलाइन्ड पद्धतीत टायमरचा काउंटर शून्यापासून एआरआरपर्यंत (कमाल मोजणीपर्यंत) चढतो आणि पुन्हा उतरतो. १६८ मेगाहर्ट्झवर २० किलोहर्ट्झसाठी एआरआर ४२०० येतो. पीडब्ल्यूएम मोड १ मध्ये काउंटर सीसीआरपेक्षा (ड्यूटी ठरवणाऱ्या रजिस्टरपेक्षा) लहान असेपर्यंत आउटपुट चालू असते, म्हणून चालू काळाचा मध्य काउंटर शून्यावर असतानाच येतो, ड्यूटी कितीही असो. त्या क्षणाचे दोन फायदे आहेत. तो दोन्ही स्विचिंग कडांपासून सर्वांत दूर असतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरमधील थरथर तोवर शमलेली असते. शिवाय करंटची लहर त्रिकोणी असल्याने चढाच्या बरोबर मध्यावरची किंमत ही त्या आवर्तनाची सरासरी असते. एकाच सॅम्पलमध्ये सरासरी मिळते, फिल्टरची आणि त्याच्या विलंबाची गरजच उरत नाही.

टायमर १ चा अपडेट इव्हेंट (काउंटर टोकाला पोचल्याची खूण) ट्रिगर आउटपुट म्हणून निवडावा, एडीसीचा इंजेक्टेड गट त्या ट्रिगरवर लावावा आणि रूपांतर संपल्याच्या इंटरप्टमध्ये पीआयचे गणित करावे. इंजेक्टेड गट मुद्दाम सांगतो, कारण चालू असलेले रेग्युलर रूपांतर मध्येच थांबवून तो आपले काम उरकतो आणि त्याचे निकाल स्वतंत्र रजिस्टरमध्ये राहतात. तापमान, सप्लायचे व्होल्टेज अशी सावकाश बदलणारी वाचने रेग्युलर गटात ठेवून डीएमएने (प्रोसेसरशिवाय माहिती हलवणाऱ्या हार्डवेअरने) परस्पर मेमरीत टाकता येतात.

एवढे केल्यावर प्रोसेसरने केव्हा हजर व्हावे हा प्रश्न नाजूक राहत नाही. इंटरप्टला शिरायला १२ क्लॉक लागले काय किंवा १०० लागले काय, सॅम्पल योग्य वेळी आधीच घेतलेले असते आणि नवी ड्यूटी प्रीलोड रजिस्टरमध्ये थांबून पुढच्या अपडेटलाच लागू होते. प्रोसेसरला फक्त त्या मुदतीच्या आत गणित संपवायचे असते. प्रीलोडचा बिट लावायला मात्र विसरू नये; तो नसेल तर सीसीआर लिहिताक्षणी बदलतो आणि एखाद्या आवर्तनात पल्स अर्धवट कापला जातो किंवा दोनदा येतो.

आचक्याचे कारण प्रिंटएफ आहे. १,१५,२०० बॉडला एका अक्षराचे दहा बिट धरले तर एका अक्षराला ८६.८ मायक्रोसेकंद लागतात, ४० अक्षरांना सुमारे ३.५ मिलिसेकंद. तेवढा वेळ मुख्य लूप अडून राहतो आणि दर १०० मिलिसेकंदांनी कंट्रोलरच्या तीन फेऱ्या बुडतात. सेकंदाला दहा वेळा. ओळ बफरमध्ये तयार करावी आणि पाठवण्याचे काम डीएमएकडे सोपवावे. फक्त तो बफर ६४ किलोबाइटच्या सीसीएम मेमरीत ठेवू नये. एफ४०७ मध्ये डीएमएला ती मेमरी दिसत नाही, आणि कोणताही ठळक इशारा न मिळता सीरियल पोर्ट गप्प राहतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली होती.

---

उत्तर २: चौकट_लहर

वरील उत्तराशी सहमत आहे. एन्कोडरचा भाग राहिला आहे, तेवढा लिहितो.

१००० लाइनच्या एन्कोडरच्या दोन्ही चॅनेलच्या सर्व कडा मोजल्या तर एका फेरीला ४००० मोजण्या होतात. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला २ लाख इंटरप्ट, दर ५ मायक्रोसेकंदांना एक. १६८ मेगाहर्ट्झवरही दोन कडांमध्ये अवघे ८४० क्लॉक मिळतात. त्यात इंटरप्टमध्ये शिरणे, लायब्ररीचे फंक्शन, दोन्ही पिन वाचणे आणि बाहेर पडणे एवढे सगळे बसवायचे असते. एखादा अधिक प्राधान्याचा इंटरप्ट थोडा लांबला की कड हुकते, आणि हुकलेली कड पुन्हा भरून निघत नाही. बाकीचा प्रोग्राम मंदावतो त्याचेही कारण हेच.

टायमरला एन्कोडर मोड असतो. टायमर २ किंवा टायमर ५ घ्यावा, कारण या मायक्रोकंट्रोलरमध्ये तेच दोन ३२ बिटी आहेत. दोन्ही चॅनेल त्याच्या पहिल्या दोन इनपुटना जोडले की दिशेसकट मोजणी आपोआप होते आणि प्रोसेसरला एकही क्लॉक खर्च करावा लागत नाही. इनपुटचा डिजिटल फिल्टरही लावावा. मोटरच्या तारेशेजारून आलेले बारीक टोचे तेथेच गाळले जातात. १६ बिटी टायमरच उरला असेल तरी घाबरण्याचे कारण नाही: दर मिलिसेकंदाला काउंटरची जुनी आणि नवी किंमत वजा करून ती १६ बिटी चिन्हांकित संख्येत घ्यावी, म्हणजे काउंटर वळसा घालून शून्यावर आला तरी फरक बरोबरच येतो. आपल्या वेगाला तो फरक २०० च्या आसपास असेल.

मंद वेगाला मात्र एक पेच उभा राहतो. दर मिलिसेकंदाला मोजणी करता एका मोजणीचा अर्थ १५ आरपीएम होतो. मोटर ४० आरपीएमने फिरत असेल तर आपल्याला ३० आणि ४५ असे उड्या मारणारे आकडे दिसतील आणि वेगाचा पीआय त्या उड्यांमागे धावेल. तेथे कडा मोजण्याऐवजी दोन कडांमधील काळ मोजावा, त्यासाठी दुसऱ्या टायमरचे इनपुट कॅप्चर वापरावे. कड आली त्या क्षणी टायमरची किंमत हार्डवेअरच टिपून ठेवते. प्रोसेसरने ती नंतर सवडीने वाचली तरी टिपलेला आकडा बदलत नाही.

---

गरगरते_चाक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एन्कोडर टायमर २ वर हलवला आणि मोजणी चुकणे थांबले. प्रिंटएफ डीएमएवर नेल्यावर आचकेही गेले. कंट्रोल इंटरप्टच्या सुरुवातीला एक पिन वर आणि शेवटी खाली करून ऑसिलोस्कोपवर पाहिले: संपूर्ण गणिताला सुमारे २.१ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे साधारण ३५० क्लॉक. आधी हे काम मिलिसेकंदाला एकदाच करताना मला घाई वाटत होती, आता ते दर ५० मायक्रोसेकंदांना होऊनही प्रोसेसर बहुतांशी रिकामा आहे.

एडीसीचे मात्र वेगळेच झाले. अपडेट इव्हेंट आवर्तनातून एकदाच यावा म्हणून रिपिटिशन काउंटरमध्ये १ लिहिला. आता वाचन अगदी स्थिर आहे, पण स्थिर शून्य! गंमत म्हणजे टायमर सुरू करणारी ओळ आणि रिपिटिशन काउंटर लिहिणारी ओळ यांची अदलाबदल केली की तेच वाचन स्थिर ३.२ अँपिअर येते. म्हणजे ओळींच्या जादूतून मी अजून सुटलेलो नाही.

---

उत्तर ३: मूक_कंपन

ही जादू रेफरन्स मॅन्युअलमध्ये नोंदलेली आहे, फक्त ती टीप सहसा कोणी वाचत नाही. सेंटर-अलाइन्ड पद्धतीत काउंटर शिखरावर पोचला की एक आणि तळाला पोचला की एक, असे आवर्तनात दोन अपडेट होऊ शकतात. रिपिटिशन काउंटरमध्ये विषम संख्या लिहिली की त्यांपैकी एकाच टोकाचा अपडेट शिल्लक राहतो, आणि ते टोक कोणते हे काउंटर सुरू होण्याच्या आधी लिहिले की नंतर, यावर ठरते. आपल्या एका क्रमात ट्रिगर तळाला, म्हणजे चालू काळाच्या मध्यावर येत होता. दुसऱ्या क्रमात शिखरावर, म्हणजे करंट शंटला टाळून फिरत असतानाच्या मध्यावर. शून्य इतके स्थिर आले ते त्यामुळेच.

योग्य क्रम लावून सोडून देता येईल, पण मी तसे करू नये असे सुचवेन. ट्रिगरसाठी अपडेट वापरूच नये. टायमर १ चा चौथा चॅनेल मोकळा असेल तर त्यालाही पीडब्ल्यूएम मोड १ लावावा, त्याचा अंतर्गत सिग्नल ट्रिगर आउटपुट म्हणून निवडावा आणि एडीसीला वाढत्या कडेवर सुरू करावे. ही कड काउंटर उतरताना सीसीआर४ ओलांडतो तेव्हा, तळाच्या किंचित आधी येते. हा "किंचित" आपल्या हातात असणे फार उपयोगाचे आहे. एडीसी ट्रिगर मिळताच किंमत पकडत नाही. सॅम्पलिंगचा काळ संपतो तेव्हा पकडतो. एडीसीचा क्लॉक २१ मेगाहर्ट्झ आणि सॅम्पलिंग १५ क्लॉकचे असेल तर तो काळ ०.७१४ मायक्रोसेकंद होतो, म्हणजे टायमरचे १२० टिक. सीसीआर४ मध्ये १२० लिहिले की किंमत बरोबर तळावर पकडली जाईल.

अपडेटचे टोक मग दुसऱ्या कारणासाठी विचारपूर्वक निवडावे. नवी ड्यूटी शिखरावर लागू झाली तर तळाभोवतीचा संपूर्ण पल्स नव्या किमतीचा आणि सममित राहतो. ती तळाला लागू झाली तर पल्सचा पूर्वार्ध जुना आणि उत्तरार्ध नवा, असा लंगडा पल्स मिळतो आणि "मध्यावरची किंमत म्हणजे सरासरी" हे गृहीतक तेवढ्यापुरते ढळते. तळाला सॅम्पल घेऊन शिखरावर ड्यूटी बदलायची तर गणिताला २५ मायक्रोसेकंद मिळतात; आपल्याला २.१ पुरतात.

विलंबाचाही हिशेब मनात असू द्यावा. सॅम्पलपासून ड्यूटी लागू होईपर्यंत पूर्ण एक आवर्तन जात असेल, तर पीडब्ल्यूएमचा स्वतःचा अर्धा आवर्तन धरून एकूण ७५ मायक्रोसेकंद होतात आणि १ किलोहर्ट्झला फेजमधून २७ अंश जातात. करंट लूप वेगवान करू पाहणाऱ्याला हे २७ अंश महागात पडतात, आणि मग तो पीआयच्या गुणकांना दोष देत बसतो.

आता विचारलेले नसले तरी एक सांगतो. डीबगर. मोटर चालू असताना ब्रेकपॉइंट लावला की प्रोसेसर थांबतो, पण टायमर आपल्या शेवटच्या ड्यूटीने पल्स देत राहतो. नियंत्रण करणारे कोणी नाही आणि ब्रिज मात्र चालू, अशी ती अवस्था असते. मी याच प्रकारे दोन मॉस्फेट एका दुपारी जाळले. पहिला जळाला तेव्हा मी मॉस्फेटलाच दोष दिला होता. त्यानंतर ओव्हरकरंटच्या कंपॅरेटरचे आउटपुट थेट टायमर १ च्या ब्रेक इनपुटला जोडल्याशिवाय मी ब्रिजला सप्लाय देत नाही. ब्रेक इनपुट सक्रिय झाले की आउटपुट हार्डवेअरनेच बंद होतात. प्रोसेसर ब्रेकपॉइंटवर थांबलेला असो, इंटरप्टमध्ये अडकलेला असो किंवा कोड पूर्ण भरकटलेला असो. करंट मर्यादा केवळ सॉफ्टवेअरमध्ये तपासणे ही सोय आहे, संरक्षण नव्हे. डेड टाइमही (एका लेगचे दोन्ही मॉस्फेट एकदम चालू होऊ नयेत म्हणून ठेवलेली फट) त्याच टायमरच्या रजिस्टरमध्ये लावावा. १६८ मेगाहर्ट्झला एक टिक ५.९५ नॅनोसेकंदांचा पडतो, तेव्हा ५०० नॅनोसेकंदांसाठी ८४ लिहावे.

---

प्रतिसाद: आठ_बिटी

थोडे विषयांतर करून विचारतो: एटीमेगा३२८पी या ८ बिटी मायक्रोकंट्रोलरवर असे काही जमते का?

---

उत्तर २ कडून: चौकट_लहर

तत्त्व जमते, वेग जमत नाही. त्याच्या एडीसीलाही टायमर १ च्या ओव्हरफ्लोवर किंवा कंपेअर मॅचवर आपोआप सुरू करता येते, आणि ट्रिगर येताच प्रीस्केलर (एडीसीचा क्लॉक बनवणारा विभाजक) शून्यावर जात असल्यामुळे विलंब दर वेळी सारखाच राहतो. पण १२५ किलोहर्ट्झच्या एडीसी क्लॉकवर किंमत ट्रिगरनंतर १६ मायक्रोसेकंदांनी पकडली जाते आणि पूर्ण रूपांतराला १०० मायक्रोसेकंदांहून अधिक लागतात. २० किलोहर्ट्झच्या आवर्तनात हे बसवणे कटकटीचे आहे. ४ किलोहर्ट्झपर्यंत खाली आल्यास सुसह्य होते, मोटर शिटी वाजवेल एवढेच. एक खाच लक्षात ठेवावी: तेथे ट्रिगर म्हणजे टायमरच्या इंटरप्ट फ्लॅगची वाढती कड असते. तो फ्लॅग इंटरप्ट घेऊन किंवा हाताने पुसला नाही तर पहिले रूपांतर होते आणि दुसरे कधीच होत नाही.

---

गरगरते_चाक

चौथा चॅनेल, १२० टिक आणि ब्रेक इनपुट हे तिन्ही केले. मोटर हाताने दाबून धरली तरी करंट ठरवलेल्या मर्यादेवर थांबतो. कोडमध्ये मुद्दाम दहा निरर्थक ओळी घालून पाहिल्या, आकडा जागचा हलला नाही. आता एकच बाब शिल्लक आहे: ड्यूटी ४ टक्क्यांच्या खाली गेली की वाचन पुन्हा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ लागते.

---

उत्तर ३ कडून: मूक_कंपन

४ टक्के म्हणजे २ मायक्रोसेकंदांचा पल्स, आणि आपण त्याच्या मध्यावर सॅम्पल घेता. म्हणजे मॉस्फेट चालू झाल्यापासून अ‍ॅम्प्लिफायरला स्थिरावण्यासाठी केवळ १ मायक्रोसेकंद मिळतो आणि बहुधा तो त्याला पुरत नाही. ऑसिलोस्कोपचा एक प्रोब अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर आणि दुसरा पीडब्ल्यूएमवर लावून स्थिरावण्याचा खरा काळ आधी मोजावा.

कमी ड्यूटीला सीसीआर४ मध्ये १२० ऐवजी ४० लिहून पाहावे. किंमत मग तळानंतर ०.४८ मायक्रोसेकंदांनी पकडली जाईल आणि अ‍ॅम्प्लिफायरला एकूण जवळजवळ १.५ मायक्रोसेकंद मिळतील. ते वाचन सरासरीपेक्षा किंचित जास्त असेल, पण इतक्या लहान पल्समध्ये लहरीचा चढही लहानच असतो. याहूनही खाली, पल्स स्थिरावण्याच्या काळाइतका आखूड झाला की शंटमध्ये मोजण्यासारखे काही उरतच नाही. तेथे मागचे वाचन धरून ठेवावे आणि पीआयचा इंटिग्रेटर (चुकांची बेरीज ठेवणारा भाग) तेवढा वेळ गोठवावा. शून्याजवळचा करंट खरोखरच अचूक हवा असेल, तर शंट ब्रिजच्या खालून काढून मोटरच्या तारेत घालावा लागेल आणि स्विचिंगच्या उड्या सहन करणारा अ‍ॅम्प्लिफायर निवडावा लागेल. तो बदल या बोर्डवर होणार नाही, पुढच्या आवृत्तीत करावा.